दातांच्या कामाची भीती आणि सेडेशन: गॅस, गोळी की शिरेतलं औषध?

दाताच्या खुर्चीची भीती वाटते असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, नक्की कशाची? सुईची? ड्रिलच्या आवाजाची? मागच्या वेळी नीट बधिर झालंच नव्हतं, त्याची? आडवं पडून तोंड उघडं ठेवायचं आणि बोलायची सोय नाही, त्याची? मी भूलतज्ज्ञ आहे. दंतवैद्यांच्या दवाखान्यात औषधांची पेटी आणि मॉनिटर घेऊन जाते आणि काम चालू असताना पेशंटच्या डोक्याशी बसते. लोक माझ्याकडे येतात ते एकच वाक्य घेऊन: "डॉक्टर, मला झोपवूनच टाका." त्यातल्या बऱ्याच जणांना झोपवायची गरज नसते. ज्यांना असते त्यांनाही सगळ्यांना एकच औषध चालत नाही. म्हणून पर्याय सांगण्याआधी ही चौकशी.

भीती कशाची, हे आधी ठरवा

जगभर वापरली जाणारी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे. उद्या दातांची अपॉइंटमेंट असेल तर किती घाबराल? बाहेर नंबराची वाट पाहत बसलात तर? दातावर ड्रिल चालणार असेल तर? दात साफ करून घ्यायचे असतील तर? आणि वरच्या दाढेजवळ हिरडीत इंजेक्शन मिळणार असेल तर? 'मुळीच नाही'ला १ गुण, 'प्रचंड'ला ५. बेरीज ५ ते २५ यांच्यामध्ये येते. १९ किंवा जास्त आली तर भीती तीव्र समजतात. घरीच कागदावर करून बघा. मी बेरीज बघतेच, पण त्याहून जास्त लक्ष कोणत्या प्रश्नापुढे ५ पडले याकडे देते.

मागच्या वेळचं दुखणं हे कारण असेल तर तुम्हाला सेडेशनपेक्षा, म्हणजे भीती उतरवणाऱ्या गुंगीच्या औषधापेक्षा, नीट बधिर करून घेण्याची गरज जास्त आहे. खालच्या दाढेची नस सुजून ठणकत असते तेव्हा जबड्याच्या मागच्या बाजूला दिलेलं नेहमीचं इंजेक्शन कमी पडतं. ओठ पूर्ण बधिर, आणि दाढेला ड्रिल लागला की कळ मस्तकात! पेशंटला वाटतं आपल्यावर औषध चालतच नाही. तसं नसतं. सूज असलेल्या भागात औषधाचा परिणाम कमी होतो आणि नसही जास्त संवेदनशील झालेली असते. अशा वेळी दाताच्या मुळाभोवती किंवा हाडात जादा इंजेक्शन देता येतं, आर्टिकेनसारखं दुसरं औषध वापरता येतं. पहिल्या भेटीतच सांगा: "मागच्या वेळी खालच्या दाढेला बधिरपणा आला नव्हता." एवढ्या एका वाक्याने डॉक्टर तयारी बदलतात.

"मला बधिर करायच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे" असं सांगणारेही पुष्कळ भेटतात. काय झालं होतं, असं विचारलं की उत्तर येतं: छाती धडधडली, हात थरथरले, घाम फुटला. बहुतेकदा ती ॲलर्जी नसते. त्या औषधात ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, म्हणजे बधिरपणा जास्त वेळ टिकतो आणि रक्त कमी येतं. ते रक्तात लवकर शिरलं तर धडधड होते आणि काही मिनिटांत जाते. अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास घ्यायला त्रास झाला, असं काही घडलं असेल तर मात्र खरी ॲलर्जी असू शकते. ते तपासून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सुईची भीती वेगळीच वागते. इतर भीतींमध्ये रक्तदाब चढतो. सुई आणि रक्ताच्या भीतीत आधी चढून मग एकदम पडतो, आणि माणूस कोसळतो. अशांनी सुरुवातीपासून आडवं राहायचं. इंजेक्शनच्या आधी मांड्या, पोट आणि मोकळ्या हाताचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे, परत आवळायचे. रक्तदाब टिकवायची ही साधी युक्ती आहे. (शीर शोधत असताना मात्र त्या हाताची मूठ आवळून बसू नका. आम्हाला शीरच सापडत नाही.) हिरडीला आधी बधिर करणारी जेली लावून दोन-तीन मिनिटं थांबलं आणि इंजेक्शन अगदी सावकाश दिलं, तर निम्मी सुई कळत नाही. घाईत ढकललेलं औषध टोचण्यापेक्षा जास्त दुखतं.

उरले ते लोक, ज्यांना दुसऱ्याच्या हातात स्वतःला सोपवणंच जमत नाही. काहींच्या बाबतीत त्यामागे जुना, न सांगितलेला अनुभव असतो. त्यांना गुंगीचं औषध दिलं की भीती कमी होण्याऐवजी वाढते, कारण उरलासुरला ताबाही सुटतो. तो अनुभव उलगडून सांगायची सक्ती कुणी करू नये. "मला पूर्ण जागं राहायचंय आणि हात वर केला की काम थांबायला हवं" एवढं सांगितलं तरी पुरे. हात वर केल्यावर खरंच थांबतात का, हे पहिल्या पाच मिनिटांत काही कारण नसताना एकदा हात वर करून बघा. नाही थांबले तर डॉक्टर बदला. हे मी पेशंटना उघडपणे सांगते. काही दंतवैद्य मित्रांना आवडत नाही.

सेडेशनने काय होतं, काय होत नाही

सेडेशन भीती उतरवतं. दात बधिर करत नाही. ते काम लिग्नोकेन किंवा तशाच औषधाच्या इंजेक्शनचं. सेडेशन घेतलं म्हणजे सुई चुकली, असं नसतं. ती टोचेपर्यंत तुम्हाला तिचं फारसं काही वाटेनासं झालेलं असतं, इतकंच.

याचा सगळ्यात जुना धडा होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याच्या गोष्टीत आहे. डिसेंबर १८४४मध्ये हार्टफर्डला त्याने नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे लाफिंग गॅसचा, तमाशेवजा प्रयोग पाहिला. गॅस घेतलेल्या एका माणसाच्या पायाला लागलं आणि त्याला ते कळलंही नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्सने गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. काही आठवड्यांनी बॉस्टनमध्ये जाणकारांपुढे प्रात्यक्षिक करायला गेला, तर दात काढताना पेशंट ओरडला आणि वेल्सचं हसं झालं. नुसत्या गॅसवर वेदनेचा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आज आम्ही गॅस देऊनही हिरडीत इंजेक्शन देतो.

सेडेशनच्या पायऱ्या असतात. पहिलीत तुम्ही जागे, फक्त निवांत. दुसरीत डोळे मिटलेले, पण नाव घेतलं, "तोंड उघडा" म्हटलं की तुम्ही तसं करता. श्वास तुमचा तुम्ही घेता. दाताच्या दवाखान्यात जे करायचं ते या दोन पायऱ्यांमध्ये. तिसरीत हाकेला ओ येत नाही, जोरात हलवावं किंवा टोचावं लागतं, आणि श्वास अडखळू शकतो. चौथी म्हणजे पूर्ण भूल. या पायऱ्यांमध्ये भिंती नाहीत. तीच मात्रा एकाला दुसऱ्या पायरीवर ठेवते आणि दुसऱ्याला तिसरीवर नेते.

दातांच्या कामात ही गोष्ट जास्त महत्त्वाची का, तर काम श्वासाच्या वाटेवरच चाललेलं असतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया करताना सर्जन एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. इथे दोघांना तेच तोंड हवं असतं. ड्रिलचं पाणी, थुंकी, रक्त, दाताचा तुकडा, कापसाचा बोळा, सगळं घशाच्या तोंडाशी. जागं माणूस हे गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. खोल गुंगीत खोकला मंदावतो आणि तेच पाणी स्वरयंत्रावर पडून घसा आवळला जाऊ शकतो. म्हणून "जरा जास्तच द्या" या मागणीला मी बधत नाही. तोंड आपण होऊन उघडं ठेवता येणं ही तुम्ही सुरक्षित पायरीवर असल्याची खूण आहे. ते सारखं मिटायला लागलं की मी औषध थांबवते. तोंडात रबरी ठोकळा बसवला की जबड्याला आराम मिळतो, पण ही खूण मात्र हरवते. मग मी दर थोड्या वेळाने पेशंटशी बोलत राहते.

लाफिंग गॅस: माझी पहिली पसंती

नाव लाफिंग गॅस असलं तरी फारसं कुणी हसत नाही. नाकावर छोटा मास्क बसवतात. आधी नुसता ऑक्सिजन, मग हळूहळू नायट्रस ऑक्साइड वाढवत नेतात, साधारण दहा-दहा टक्क्यांनी. बहुतेकांचं ३० ते ५० टक्क्यांत भागतं. दातांसाठीच्या यंत्रांमध्ये नायट्रस ७० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही अशी सोय असते, म्हणजे निदान ३० टक्के ऑक्सिजन मिळतोच; हवेत तो २१ टक्के असतो. तीन-चार मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, हातपाय जड किंवा हलके वाटतात, आवाज लांबून आल्यासारखे होतात. हीच योग्य जागा. डोकं गरगरलं, मळमळलं, बोलणं सुधरेना, तर मात्रा जास्त झाली. तसं सांगा, कमी केली की मिनिटाभरात उतरतं.

याचं मोठेपण याच उतरण्यात आहे. गॅस शरीरात जवळजवळ बदलत नाही. फुप्फुसातून आला तसाच फुप्फुसातून जातो. काम संपलं की तीन ते पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. हे टाळू देऊ नका, कारण बाहेर पडणारा नायट्रस फुप्फुसातल्या ऑक्सिजनला थोडा वेळ बाजूला सारतो. मग थोडं बसून, डोकं साफ झाल्याची खात्री करून मोठ्या माणसाला बहुतेक वेळा एकट्याने घरी जाता येतं. बाकीच्या कुठल्याही पर्यायात ही मुभा नाही. दात साफ करताना किंवा एक्स-रेची पट्टी तोंडात ठेवताना ज्यांना घशाशी उमळ येते, त्यांनाही गॅसचा चांगला उपयोग होतो.

सर्दीने नाक बंद असेल तर मास्क लावून काय उपयोग? तारीख पुढे ढकला. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, नको. बी-१२ या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असेल तर नको, कारण नायट्रस त्या जीवनसत्त्वाला निकामी करतो. अलीकडे डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया होऊन डोळ्यात गॅसचा बुडबुडा ठेवला असेल तर अजिबात नको: नायट्रस त्या बुडबुड्यात शिरून डोळ्यातला दाब वाढवतो आणि नजर जाऊ शकते. कानाच्या मधल्या भागाची ताजी शस्त्रक्रिया, फुप्फुसांचा जुना गंभीर आजार, पूर्वी घेतलेलं ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध, हेही आधी सांगा. आणि काहींना नाकावर मास्कच सहन होत नाही. त्यांनी आदल्या भेटीत तो नुसता लावून बघावा, गॅस न सोडता.

गोळी: सोपी दिसते, म्हणून जपून

डायझेपाम, लोराझेपाम, ट्रायझोलाम, टेमाझेपाम ही सगळी एका कुटुंबातली औषधं. सुई नाही, यंत्र नाही. गोळी घेतली की तासाभरात धार बोथट होते. आदल्या रात्री झोपच लागत नाही अशांना कधी रात्रीसाठीही एक लिहून देतात. साधी भीती आणि छोटं काम असेल तर गोळी पुरते.

मला गोळीबद्दल खटकतं ते हे, की गिळल्यावर तिच्यावर कुणाचाच ताबा राहत नाही. गॅस कमी-जास्त करता येतो, शिरेतलं औषध थेंबाथेंबाने देता येतं. गोळी पोटात कधी विरघळेल, किती रक्तात जाईल, हे माणसागणिक बदलतं. तासाभराने "काहीच होत नाहीये" म्हणून दुसरी घेणारे असतात, आणि मग दोन्ही एकदम चढतात. दुसरी गोळी स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका. घरात कुणाच्या तरी झोपेच्या गोळ्या पडल्यात म्हणून त्यातली एक, हेही नाही. मात्रा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ती वय, वजन, यकृत आणि चालू औषधं पाहून ठरते.

डायझेपाम शरीरातून निघायला दिवस लागतात. त्यापासून तयार होणारा पदार्थही गुंगी आणतो. वयस्कर माणसं दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात पडतात ती अशाने. ट्रायझोलाम काही तासांत उतरतं, म्हणून दातांच्या कामाला ते अनेकांना बरं वाटतं. पण ग्रेपफ्रूटचा रस, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, इट्राकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधं यांनी ट्रायझोलाम आणि त्याच कुटुंबातल्या मिडाझोलामचा परिणाम कितीतरी वाढतो. दातात पू झाला म्हणून अँटिबायोटिक चालू असतं आणि त्यातच सेडेशनची गोळी दिली जाते, तेव्हा हा प्रश्न नेमका उभा राहतो. ट्रॅमाडोल, कोडीनसारखी वेदनाशामकं आणि दारू यांच्याबरोबर तर ही गोळी श्वास मंदावू शकते.

गोळी घेतली तर नेणारा-आणणारा माणूस हवा. जातानासुद्धा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ती चढलेली असते. मी तर म्हणते, गोळी दवाखान्यात जाऊनच घ्या आणि तिथेच बसा.

शिरेतून: काम मोठं असेल तेव्हा

चारही अक्कलदाढा, बरेच इम्प्लांट, दीड-दोन तासांचं काम, किंवा गॅसने भागलं नाही इतकी भीती. इथे मिडाझोलाम हे नेहमीचं औषध. हाताच्या पाठीवर बारीक सुई बसवून थोडं द्यायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, डोळ्यांकडे बघायचं, बोलायला लावायचं, मग हवं तर आणखी थोडं. म्हाताऱ्या माणसात परिणाम उशिरा येतो आणि जास्त येतो, म्हणून तिथे मात्रा कमी आणि थांबणं जास्त. एकदा जमलं की चाळीस-पंचेचाळीस मिनिटं आरामात काम होतं.

मिडाझोलाम आठवणी पुसतं. तुम्ही जागे असता, उत्तरं देता, आणि नंतर काहीच आठवत नाही. पेशंट उठून विचारतात, "सुरू कधी करणार?" हे बहुतेकांना वरदान वाटतं. याचा दुसरा अर्थ असा की काम झाल्यावर दिलेल्या सूचनाही आठवत नाहीत. त्या लेखी घ्या आणि बरोबरच्या माणसालाही सांगायला लावा. खोलीत डॉक्टरांशिवाय दवाखान्यातली आणखी एक व्यक्ती सतत असायला हवी, याचंही हे एक कारण आहे. तुम्ही ती अट घालू शकता.

सुईलाच घाबरणाऱ्याला शिरेतून औषध कसं द्यायचं? हाताच्या पाठीवर लिग्नोकेन-प्रिलोकेनची क्रीम तासभर आधी लावून वर पट्टी बांधायची, आणि सुई बसवण्यापुरता गॅस. हे दोन्ही एकत्र केलं की अगदी कट्टर घाबरणारेही हात पुढे करतात. क्रीम विसरू नका, आणि घाईने दहा मिनिटं आधी लावून उपयोग नाही.

मिडाझोलाम उलटवणारं औषध आहे, फ्लुमाझेनिल. सेडेशन देणाऱ्याकडे ते हवंच. पण त्याचा परिणाम साधारण तासाभरात ओसरतो, आणि मिडाझोलाम अजून शरीरात असेल तर गुंगी परत येऊ शकते. म्हणून ते दिलं असेल तर पेशंटला लगेच घरी सोडायचं नसतं. रोज झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेणाऱ्याला ते दिल्यास झटके येऊ शकतात. आपण रोज काय घेतो ते लपवू नका, दारूसुद्धा. रोज घेणाऱ्यांना नेहमीची मात्रा पुरत नाही आणि आम्ही बुचकळ्यात पडतो.

प्रोपोफॉल मिनिटाच्या आत काम करतं आणि थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत उतरतं. स्वच्छ, सुरेख औषध. पण निवांतपणा आणि बेशुद्धी यांतलं त्याचं अंतर फार थोडं आहे आणि ते उलटवणारं औषध नाही. प्रोपोफॉल द्यायला भूलशास्त्र शिकलेला वेगळा माणूस हवा, जो दुसरं काहीही करत नाही. या बाबतीत मला मध्यममार्ग मान्य नाही.

पूर्ण भूल

तिची जागा रुग्णालयात. ब्रिटनने २००१ संपता संपता दातांसाठीची पूर्ण भूल दवाखान्यांमधून बंद करून रुग्णालयांत नेली. बौद्धिक अपंगत्वामुळे सहकार्य शक्य नसलेली माणसं, खूप लहान वयात पुष्कळ दात किडलेली मुलं, जबड्याची मोठी शस्त्रक्रिया, अशा वेळी ती योग्यच. नुसत्या भीतीसाठी, बाकीचं काही करून न बघता, नको.

मुलं

साधारण चार-पाच वर्षांच्या पुढचं, नाकाने श्वास घे म्हटलं तर घेणारं मूल असेल तर गॅस उत्तम. त्याहून लहान किंवा रडून मास्क लावू न देणाऱ्या मुलांना मिडाझोलाम तोंडावाटे किंवा नाकात फवारून देतात. नाकात ते चुरचुरतं, हे मुलाला आधी सांगा, नाहीतर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. काही मुलं मिडाझोलामने शांत होण्याऐवजी बिथरतात, हातपाय झाडतात, ओरडतात. ते औषध उतरलं की जातं. आई-वडिलांनी घाबरून डॉक्टरांवर ओरडू नये, आणि डॉक्टरांनी आणखी औषध ओतू नये. टॉन्सिल मोठे असतील, मूल घोरत असेल, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर हे सगळ्यात आधी सांगा. गाढ सेडेशन द्यायचं असेल तर मुलावर लक्ष ठेवायला स्वतंत्र प्रशिक्षित व्यक्ती हवी, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांनी २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. देश कोणताही असो, हा प्रश्न विचारा.

दवाखान्यात काय विचारायचं

पहिला प्रश्न: औषध कोण देणार आणि माझ्याकडे कोण बघणार? हलकं सेडेशन अनेक ठिकाणी प्रशिक्षित दंतवैद्य स्वतः, प्रशिक्षित मदतनिसाच्या साहाय्याने देतात, ते मान्य आहे. शिरेतून असेल तर ड्रिल धरणारे डोळे आणि श्वासाकडे बघणारे डोळे वेगळे असावेत, असं माझं मत.

दुसरा: मॉनिटर कोणता? बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर आणि रक्तदाबाचा पट्टा हे किमान. शिरेतल्या सेडेशनला कॅप्नोग्राफ असला तर फार चांगलं. तो बाहेर टाकलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो. श्वास थांबला की त्याची रेषा लगेच सपाट होते. ऑक्सिमीटरला ते उशिरा कळतं, आणि नाकाला ऑक्सिजनची नळी असेल तर आणखीच उशिरा, कारण रक्तात साठा भरलेला असतो. पडद्यावर ९९ दिसतंय आणि माणूस श्वास घेत नाहीये, असं एखाद-दुसरं मिनिट होऊ शकतं.

तिसरा: काही बिघडलं तर? ऑक्सिजन, श्वास देण्याची पिशवी-मास्क, तोंडातलं ओढून घेणारं यंत्र, फ्लुमाझेनिल, आणि हे वापरायचा सराव केलेली माणसं. विचारल्यावर कुणी चिडलं तर तेही एक उत्तरच आहे.

तुम्हीही सांगायचं आहे. झोपेत घोरणं आणि श्वास थांबणं, दमा, हृदयविकार, अपस्मार, मूत्रपिंड-यकृताचे आजार, गरोदरपण, आधीच्या कुठल्याही भुलीत झालेला त्रास. सगळ्या औषधांची यादी, काउंटरवरून घेतलेल्यांसह. वजन किंवा साखर कमी करायला सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेत असाल तर आवर्जून: त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि नेहमीचा उपास पुरत नाही.

आदला दिवस आणि तो दिवस

उपाशी राहण्याचा नियम दवाखान्यानुसार बदलतो. गॅसला फक्त जड जेवण टाळायला सांगतात, काही ठिकाणी हलक्या सेडेशनलाही उपास नसतो. माझ्या पेशंटना शिरेतल्या सेडेशनआधी मी ६ तास काही खाऊ देत नाही, दूधसुद्धा नाही. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. तुम्हाला जे सांगितलं असेल ते पाळा आणि चुकून काही खाल्लं तर सांगा. तारीख बदलेल, तेवढंच. रक्तदाबाच्या गोळ्या बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात; मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनबद्दल मात्र विचारूनच, कारण उपाशीपोटी साखर खाली जाते.

बाह्या वर सरकतील असे कपडे. एका बोटाचं तरी नेलपॉलिश काढलेलं. कॉन्टॅक्ट लेन्स नकोत. आत जाण्याआधी लघवीला जाऊन या. दीड तास आडवं पडायचं आहे आणि मध्येच उठवणं सोपं नसतं. सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे घाबरत काढायचा वेळ कमी. बरोबर येणारी व्यक्ती सज्ञान, दुसऱ्या लहान मुलाला सांभाळत नसलेली, आणि घरी गेल्यावरही काही तास थांबणारी हवी. "गाडीत बसवून देईल" एवढं पुरत नाही. ती व्यक्ती आली नाही तर मी काम सुरू करत नाही, कितीही रागावलात तरी.

संमतिपत्र आदल्या भेटीत, डोकं शाबूत असताना वाचून सही करा. त्या दिवशी खुर्चीत बसून सही करायला सांगत असतील तर निदान पूर्ण वाचायला वेळ मागा.

घरी गेल्यावर

गोळी किंवा शिरेतल्या औषधानंतर २४ तास गाडी नाही, गॅसची शेगडी नाही, दारू नाही, झोपेची गोळी नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही नाही. तुम्हाला ठणठणीत वाटेल. वाटण्यावर जाऊ नका. तान्ह्या बाळाला एकट्याने सांभाळू नका. जिना धरून उतरा. मोबाइलवरून पैसे पाठवणं आणि कुणाला लांबलचक मेसेज लिहिणं उद्यावर टाका, मागाहून बऱ्याच जणांना त्याचा पश्चात्ताप होतो.

बधिरपणा दोन ते चार तास राहतो, खालच्या जबड्यात कधी त्याहून जास्त. तोवर गरम काही पिऊ नका. मुलं बधिर ओठ चावून रक्तबंबाळ करतात आणि त्यांना कळत नाही. ती पूर्ण जागी असतील तरी लक्ष ठेवा. झोपायचं असेल तर कुशीवर, डोकं थोडं उंच. थोडी मळमळ चालते, आधी पाणी, मग मऊ काही.

पेशंट झोपला असेल तर बरोबरच्या माणसाने अधूनमधून हाक मारून बघावं. हाकेला उत्तर देऊन परत झोपला तर ठीक. हलवूनही नीट जाग येत नसेल, घोरताना श्वास अडकत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर दवाखान्याला फोन करण्यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा, हनुवटी वर उचलून धरा आणि रुग्णवाहिका बोलवा. ओकाऱ्या थांबत नसतील, रक्त थांबत नसेल, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही गुंगी उतरली नसेल, तर दवाखान्याला फोन करा आणि कोणतं औषध किती वाजता दिलं होतं ते कागदावर बघून सांगा.